देशी बुद्धिबळ खेळत वाढलेल्या सुलतान खानने माजी जगज्जेत्याला कसं हरवलं? समजून घ्या हेस्टिंग्जचा तो डाव

पारावर, देवळाच्या ओट्यावर किंवा आजोबांकडून बुद्धिबळ शिकलेलं पोरगं शाळेच्या तालुका स्पर्धेला जातं. डाव सुरू होतो. समोरचा गडी पहिल्याच चालीला प्यादं दोन घरं पुढे सरकवतो आणि आपलं पोरगं पंचांकडे बघतं, की हा खोटं खेळतोय! थोड्या वेळाने समोरच्याचा राजा एका झटक्यात दोन घरं सरकतो, हत्ती त्याच्यावरून उडी मारून पलीकडे बसतो. पंच काहीच बोलत नाहीत. पोराचा डाव तिथेच विस्कटतो.

यात पोराची अक्कल कमी असते असं नाही. त्याला येतो तो खेळ वेगळा आणि स्पर्धेतला खेळ वेगळा. हाच पेच साधारण शंभर वर्षांपूर्वी पंजाबातल्या एका खेडेगावातून थेट लंडनला गेलेल्या माणसापुढे उभा होता. त्याचं नाव मीर सुलतान खान. १९३० च्या डिसेंबरात सुरू झालेल्या इंग्लंडच्या हेस्टिंग्ज स्पर्धेत त्याने क्युबाच्या कापाब्लांकाला हरवलं. कापाब्लांका म्हणजे १९२१ ते १९२७ या काळातला जगज्जेता, आणि १९१६ ते १९२४ अशी आठ वर्षं एकही स्पर्धात्मक डाव न हरलेला खेळाडू. हा डाव कसा झाला, त्यात सुरुवातीच्या चालींचा काय वाटा होता, आणि देशी बुद्धिबळाचा त्याच्याशी काय संबंध, हे पाहण्यासारखं आहे.

देशी आणि विलायती, फरक नेमका काय?

आपल्याकडच्या जुन्या पद्धतीचे नियम गावागणिक थोडे बदलतात. पण मुख्य गोष्टी बहुतेक ठिकाणी सारख्याच. प्यादं पहिल्या चालीलाही एकच घर चालतं. किल्लेकोट, म्हणजे राजा-हत्तीची ती अदलाबदल, देशी खेळात नाही. त्याऐवजी राजाला सगळ्या डावात एकदाच घोड्यासारखी अडीच घरांची उडी मिळते, तीही आधी शह बसला नसेल तरच. प्यादं शेवटच्या रांगेत पोहोचलं की ते आपल्या मर्जीने वजीर होत नाही. ज्या घरात पोहोचलं त्या घरचं मोहरं होतं, म्हणजे हत्तीच्या घरात गेलं तर हत्ती, घोड्याच्या घरात गेलं तर घोडा. काही ठिकाणी राजासमोर राजा न येता वजीर येतो, अशी मांडणी असते.

ऐकायला फरक किरकोळ वाटतात. पण पहिल्या दहा-बारा चालींवर त्यांचा परिणाम मोठा होतो. प्यादं दोन घरं चाललं की दोन्ही फौजा लगेच एकमेकींना भिडतात. तिसऱ्या-चौथ्या चालीला मारामारी सुरू होते, आणि तिथे एक चाल चुकली तर डाव हातचा जातो. म्हणून युरोपात सुरुवातीच्या चालींचा अभ्यास झाला, त्यावर जाडजूड पुस्तकं निघाली, प्रत्येक पद्धतीला नाव पडलं. यालाच इंग्रजीत ओपनिंग म्हणतात.

देशी खेळात प्यादी एकेक घर सरकतात, त्यामुळे दोन्ही बाजूंना आपापली फौज निवांत मांडता येते. पुढे मधला डाव आणि शेवटचा डाव मात्र घासून होतो. त्यामुळे देशी खेळाडू मधल्या डावात चिवट आणि सुरुवातीला कच्चा, असं व्हायचं. सुलतान खानचं अगदी तसंच झालं.

मिठा टिवाणा ते लंडन

सुलतान खानचा जन्म १९०३ चा. मिठा टिवाणा हे त्याचं गाव, आज ते पाकिस्तानी पंजाबात येतं. वडिलांनी त्याला लहानपणी देशी बुद्धिबळ शिकवलं. विशीत तो पंजाबातला सगळ्यात भारी खेळाडू मानला जाऊ लागला. त्या भागातले बडे जमीनदार सर उमर हयात खान यांनी त्याला आपल्याकडे ठेवून घेतलं आणि विलायती नियम शिकवायची व्यवस्था केली. १९२८ साली त्याने अखिल भारतीय स्पर्धा जिंकली. नऊ डावांत आठ विजय, एक बरोबरी.

जुन्या इंग्रजी लेखनात त्याला सरळ ‘नोकर’ म्हटलंय आणि अडाणीही ठरवलंय. त्याच्या कुटुंबातल्या लोकांचा या वर्णनावर आक्षेप आहे. त्या काळच्या इंग्रज लेखकांची हिंदुस्थानी माणसाकडे बघण्याची तऱ्हा पाहता हा आक्षेप हलक्यात घेण्यासारखा नाही. एक गोष्ट मात्र नक्की. ओपनिंगची जी पुस्तकं युरोपातला प्रत्येक खेळाडू पाठ करून बसला होता, ती वाचत सुलतान खान वाढला नव्हता.

१९२९ च्या वसंतात उमर हयात खान त्याला घेऊन लंडनला गेले. तिथे त्याच्यासाठी एक सरावाची छोटी स्पर्धा ठेवली. त्यात तो तळाला राहिला. विंटर आणि येट्स हे दोन इंग्रज खेळाडू त्याच्या पुढे होते. त्यांनी मग त्याला सोबत घेऊन सराव करून दिला, मुख्यतः सुरुवातीच्या चालींचा. त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात रॅम्सगेटला ब्रिटिश अजिंक्यपद स्पर्धा झाली आणि सगळ्यांना चकित करत सुलतान खानने ती जिंकली. काही महिन्यांपूर्वी तळाला असलेला माणूस!

तिथली थंडी त्याला कधी मानवली नाही. मलेरिया आणि सर्दी-घशाच्या दुखण्याने तो सारखा बेजार असायचा. गळ्याला पट्टी गुंडाळून डावाला बसायचा, असं सांगतात. १९३० मध्ये बेल्जियममधल्या लिएजच्या स्पर्धेत तो दुसरा आला, पहिला टार्टाकोवर. त्यानंतर वर्षअखेरीस हेस्टिंग्ज.

आता डाव मांडा

फोनमध्ये बुद्धिबळाचं कुठलंही ॲप असेल तर पट उघडून या चाली करत वाचलं तर जास्त कळेल. पटावर उभ्या पट्ट्यांना डावीकडून ए, बी, सी, डी, ई, एफ, जी, एच अशी नावं असतात. आडव्या रांगांना पांढऱ्याच्या बाजूने १ ते ८ आकडे. म्हणजे ‘डी-४’ म्हणजे डी पट्टीतलं चौथं घर. एवढं कळलं की बास.

पांढरी मोहरी सुलतान खानकडे, काळी कापाब्लांकाकडे.

पहिली चाल: पांढऱ्याचा राजाकडचा घोडा एफ-३ वर. काळ्याचाही घोडा एफ-६ वर. दुसरी: पांढऱ्याचं वजिरापुढचं प्यादं डी-४, काळ्याचं प्यादं बी-६, एकच घर. तिसरी: पांढऱ्याचं प्यादं सी-४, काळ्याचा उंट बी-७ वर. चौथी: पांढऱ्याचा दुसरा घोडा सी-३, काळ्याचं प्यादं ई-६.

या मांडणीचं नाव ‘क्वीन्स इंडियन डिफेन्स’. काळ्याने बाजूचं प्यादं एक घर सरकवलं, त्या जागी उंट बसवला आणि तिथून तो तिरक्या रेषेत सगळा पट धरून बसला. मधल्या घरांत प्यादी घुसवण्यापेक्षा लांबून त्यांच्यावर नजर ठेवायची, अशी ही पद्धत.

नावात ‘इंडियन’ कसं आलं? एकोणिसाव्या शतकात कलकत्त्याला जॉन कॉक्रेन नावाचा स्कॉटिश खेळाडू राहत होता. तो महेशचंद्र बॅनर्जी या बंगाली खेळाडूसोबत भरपूर डाव खेळला. बॅनर्जी देशी पद्धतीत तयार झालेले. प्यादी एकेक घर सरकवायची, उंट बाजूला बसवायचा, ही त्यांची सवय. ते डाव युरोपात छापून गेले आणि अशा मांडणीला पुढे ‘इंडियन’ नाव चिकटलं, असं मानलं जातं. म्हणजे गंमत बघा. हेस्टिंग्जला हिंदुस्थानी पद्धतीची सुरुवात क्युबाचा माणूस खेळत होता आणि समोर बसला होता हिंदुस्थानी.

पाचवी चाल: कडेचं प्यादं, एकच घर

पाचव्या चालीला सुलतान खानने अगदी कडेचं प्यादं उचललं आणि एक घर पुढे ठेवलं. ए-२ वरून ए-३.

पुस्तकी खेळाडूच्या नजरेने ही चाल म्हणजे वेळ घालवणं. राजा अजून उघड्यावर, दोन्ही उंट घरात, आणि हा कडेचं प्यादं एक घर सरकवतोय! सुरुवातीला मोहरी बाहेर काढा, मधली घरं धरा, राजा सुरक्षित करा, असं आजही प्रत्येक वर्गात शिकवतात, आणि ते बरोबरच आहे.

पण त्या चालीला अर्थ होता. काळ्याचा दुसरा उंट बी-४ वर येऊन सी-३ च्या घोड्याला जखडून टाकू शकत होता. घोड्यामागे राजा, त्यामुळे घोडा हलला की राजाला शह. मग घोडा जागेवरच अडकतो. ए-३ च्या प्याद्याने बी-४ चं घर बंद केलं. उंटाला तिकडे येण्याची सोय उरली नाही, पांढऱ्याचा घोडा मोकळा राहिला, आणि मधल्या घरांवरचा त्याचा जोरही टिकला.

पुढे काही दशकांनी टिग्रान पेट्रोशियन या खेळाडूने हीच कल्पना नेमाने वापरली. तो १९६३ ते १९६९ जगज्जेता होता. आज क्वीन्स इंडियनमधल्या या ए-३ च्या पद्धतीला ‘पेट्रोशियन पद्धत’ म्हणतात. १९८० च्या दशकात गॅरी कास्पारोव्हने तीच चाल खेळून मोठमोठ्यांना हरवलं. सुलतान खानचं नाव त्या पद्धतीला लागलं नाही. त्याने ती चाल खूप विचार करून खेळली की देशी खेळातल्या सवयीने हात तिकडे गेला, हे सांगता येत नाही. पण एकेक घर चालणाऱ्या प्याद्यांवर वाढलेल्या माणसाला ही चाल फुकट वाटली नसणार, एवढं मात्र म्हणता येईल.

घोड्याची उडी आणि अडकलेला उंट

पाचव्या चालीला काळ्याने डी-५ वर प्यादं टाकलं. पांढऱ्याने सी पट्टीतल्या प्याद्याने ते मारलं, काळ्याने ई पट्टीतल्या प्याद्याने परत मारलं. सातव्या चालीला पांढऱ्याचा उंट जी-५ वर, काळ्याचा ई-७ वर. आठवीला पांढऱ्याचं प्यादं ई-३ आणि काळ्याचा किल्लेकोट. नववीला पांढऱ्याचा दुसरा उंट डी-३ वर, काळ्याचा घोडा ई-४ वर मधोमध. दहावीला पांढऱ्याचा उंट मागे एफ-४ वर, काळ्याचा दुसरा घोडा डी-७. अकरावीला पांढऱ्याचा वजीर सी-२, काळ्याचं प्यादं एफ-५.

इथे थांबून पटाकडे बघा. काळ्याने एफ-५ चं प्यादं पुढे टाकून आपल्या मधल्या घोड्याला आधार दिला. तब्येतीत वाटतं सगळं. पण पांढऱ्याचा वजीर सी पट्टीतून खाली सी-७ च्या प्याद्याकडे बघतोय, एफ-४ चा उंट तिरका त्याच प्याद्याकडे बघतोय. बाराव्या चालीला पांढऱ्याचा घोडा बी-५ वर उडाला. आता तिसरं मोहरंही त्याच घरावर आलं.

काळ्याला उंट डी-६ वर आणून मध्ये घालावा लागला. पांढऱ्याच्या घोड्याने तो उंट मारला, काळ्याने सी पट्टीतल्या प्याद्याने घोडा मारला. मोहऱ्यांचा हिशोब बरोबर. पण काळ्याची दोन प्यादी आता एकाच पट्टीत एकामागे एक, डी-६ आणि डी-५. पुढचं प्यादं नेमकं बी-७ च्या उंटाच्या तोंडासमोर. ज्या उंटाला लांबून सगळा पट धरायला तिथे बसवला होता, त्याची नजर आपल्याच प्याद्यावर जाऊन थांबली. पांढऱ्याकडे मात्र दोन्ही उंट शाबूत.

ओपनिंगचा निकाल असाच लागत असतो. कुणी कुणाचं काही फुकट मारलं नाही, मात झाली नाही. फक्त एकाची मोहरी मोकळी झाली आणि दुसऱ्याचं एक मोहरं घरातच बसलं. पुढच्या पन्नास चाली त्याचं व्याज भरावं लागतं.

किल्लेकोट केलाच नाही

चौदाव्या चालीला पांढऱ्याने एच पट्टीतलं प्यादं दोन घरं पुढे टाकलं. एकोणिसाव्याला जी पट्टीतलं. विसाव्याला ते जी-५ वर गेलं आणि काळ्याच्या एफ-६ वरच्या घोड्याला मागे ई-८ वर परतावं लागलं. दोन घरांची विलायती सूट सुलतान खान गरज पडली की वापरत होता. पण त्याचा राजा अजून जागेवरच, ई-१ वर. किल्लेकोट त्याने केलाच नाही. या डावात शेवटपर्यंत केला नाही.

दरम्यान कापाब्लांकाने दोन्ही हत्ती सी पट्टीत आणले, एक सी-६ वर, दुसरा त्याच्या मागे सी-८ वर. पांढऱ्याचा राजा मध्ये उघडा, त्याच्यावर दोन हत्तींचा मारा. जगातल्या कुठल्याही खेळाडूला अशा वेळी काळ्याची बाजू बरी वाटावी.

एकविसाव्या चालीला सुलतान खानने उंट जी-४ वर ठेवला. तिथून तो तिरक्या रेषेत सी-८ च्या हत्तीवर होता. कापाब्लांकाने पुढचा हत्ती थेट सी-१ वर घुसवून शह दिला. ए-१ च्या हत्तीने तो मारायचा मोह कुणालाही होईल. पण मग काळ्याचा मागचा हत्ती सी-१ वर शह देत मारतो, राजाला सरकावं लागतं आणि एच-१ चा हत्ती फुकट जातो.

सुलतान खानने हत्ती मारला नाही. राजा एक घर खाली, डी-२ वर उतरवला.

ही साधी दिसणारी चाल सगळ्या डावाचा कणा आहे. राजा मागच्या रांगेतून बाजूला झाला तसे ए-१ आणि एच-१ चे दोन्ही हत्ती एकमेकांना दिसू लागले. आता काळ्याच्या हत्तीने एकाला मारलं तर दुसरा बदला घेणार. वर सी-८ चा हत्ती पांढऱ्याच्या उंटाच्या तोंडात आहेच. किल्लेकोट केला असता तर राजा कोपऱ्यात असता आणि हे जमलं नसतं. देशी खेळात राजाला किल्लेकोटाची सोय नसते. त्याला पटाच्या मध्यातच आपली वाट काढायची सवय ठेवावी लागते.

कापाब्लांकाला मग त्यातल्या त्यात बरा मार्ग घ्यावा लागला. मागचा हत्ती सी-२ वर शह देत आणला, पांढऱ्याच्या वजिराने तो मारला, काळ्याच्या दुसऱ्या हत्तीने वजीर मारला, राजाने हत्ती मारला. हिशोब असा झाला: पांढऱ्याने वजीर दिला आणि दोन हत्ती घेतले.

वजीर गेला म्हटलं की आपल्याकडे पोरं डाव सोडतात. पण दोन हत्ती मिळून वजिराला भारी पडू शकतात, विशेषतः पट बंद असेल तर. वजिराला पळायला मोकळ्या वाटा लागतात. इथे मधली प्यादी एकमेकांत अडकलेली, काळ्याचा उंट बी-७ वर कोंडलेला, घोडा ई-८ वर मागे. एकटा वजीर पांढऱ्याच्या गोटात शिरून फिरला, सी-४, मग बी-३, मग ए-४. तिसाव्या चालीला सुलतान खानने बी पट्टीतलं प्यादं बी-४ वर टाकलं आणि वजिराला मागे डी-७ वर जावं लागलं. त्या बी-४ च्या प्याद्याला आधार कोणाचा? पाचव्या चालीला एक घर सरकलेल्या ए-३ च्या प्याद्याचा.

त्यानंतर घाई नाही. पांढऱ्याने हत्ती मोकळ्या पट्टीत आणले, राजा सुरक्षित ठेवला आणि काळ्याला हळूहळू आवळत नेलं. ६५ चालींनंतर कापाब्लांकाने डाव सोडला. हार मान्य केलेल्या कापाब्लांकाने नंतरच्या काळात लिहिलं की, वेगळ्या नियमांत वाढून, पुस्तकांची मदत नसताना हा माणूस इथपर्यंत आला, म्हणजे तो असामान्य बुद्धीचाच असला पाहिजे. त्या स्पर्धेत मॅक्स युवे पहिला, कापाब्लांका दुसरा आणि सुलतान खान तिसरा आला. युवे पुढे १९३५ मध्ये जगज्जेता झाला.

पुढे काय झालं?

१९३१ मध्ये सुलतान खानने टार्टाकोवरला बारा डावांच्या सामन्यात साडेसहा-साडेपाच असं हरवलं. १९३२ आणि १९३३ मध्ये पुन्हा ब्रिटिश अजिंक्यपद. तीन ऑलिम्पियाडमध्ये तो इंग्रजांच्या संघातून पहिल्या पटावर बसला. १९३१ च्या प्राग ऑलिम्पियाडमध्ये फ्लोर आणि रुबिनस्टाइनला हरवलं, जगज्जेत्या अलेखाइनशी बरोबरी केली. १९३३ साली महिलांची ब्रिटिश स्पर्धा जिंकली ती उमर हयात खान यांच्याच घरातल्या फातिमा या तरुणीने. तिच्याबद्दल लोक फारसं बोलत नाहीत, पण ती कामगिरीही साधी नव्हे.

१९३३ च्या अखेरीस सगळे परत हिंदुस्थानात आले. सुलतान खानची युरोपातली कारकीर्द जेमतेम पाच वर्षांची. १९३५ मध्ये त्याने मराठी खेळाडू व्ही. के. खाडिलकर यांच्याशी दहा डावांचा सामना खेळला. नऊ जिंकले, एक बरोबरीत सुटला. त्यानंतर तो मोठ्या स्पर्धेत दिसला नाही. शेती पाहिली, संसार केला. २५ एप्रिल १९६६ ला सरगोध्यात त्याचं निधन झालं.

जागतिक बुद्धिबळ महासंघाने, म्हणजे फिडेने, १९५० मध्ये पहिल्यांदा अधिकृत ग्रँडमास्टर किताब दिले. खेळ थांबवून बसलेल्या रुबिनस्टाइनला तो मिळाला. रुबिनस्टाइनला हरवणाऱ्या सुलतान खानला मिळाला नाही. २०२४ मध्ये फिडेने त्याला मरणोत्तर मानद ग्रँडमास्टर जाहीर केलं. ७४ वर्षं उशिरा.

गावातल्या पोरांना यातलं काय घेता येईल?

सुलतान खानकडे जे नव्हतं, ते आज खिशातल्या फोनमध्ये आहे. ‘लिचेस’सारखं ॲप पूर्ण फुकट आहे, जाहिराती नाहीत. त्यात ओपनिंगची चाल केली की पुढे मोठे खेळाडू काय खेळले ते दिसतं. हेच पुस्तक मिळवायला पूर्वी लंडनला जावं लागत होतं.

पण आधी नियमांचा घोळ मिटवला पाहिजे. देशी खेळणाऱ्या पोराला स्पर्धेपूर्वी तीन गोष्टी पटावर करून दाखवा. प्यादं पहिल्या चालीला दोन घरं कसं चालतं, आणि असं दोन घरं आलेलं प्यादं शेजारच्या प्याद्याला वाटेतच कसं मारता येतं. ही दुसरी गोष्ट बहुतेकांना ठाऊकच नसते, आणि भांडणं तिच्यावरूनच होतात. दुसरं, किल्लेकोट कधी चालतो: राजा आणि तो हत्ती आधी हललेले नसावेत, मध्ये मोहरं नसावं, राजाला शह नसावा आणि राजा ज्या घरांतून जातो तिथेही शह नसावा. तिसरं, प्यादं शेवटच्या रांगेत गेलं की हवं ते मोहरं मागता येतं, राजा सोडून. पहिला वजीर पटावर असला तरी दुसरा वजीर मिळतो. अडीच घरांची राजाची उडी मात्र स्पर्धेत चालत नाही. ती मारली तर चाल बेकायदा ठरते.

आजोबांकडून शिकलेला खेळ सोडून द्यायचं काही कारण नाही. तो आहे म्हणून मधल्या डावात पोर टिकतं. पहिल्या दहा चाली तेवढ्या नव्याने शिकाव्या लागतात, आणि त्यासाठी पन्नास ओपनिंग पाठ करायची गरज नाही. पांढऱ्याची एक आणि काळ्याच्या दोन पक्क्या असल्या तरी तालुक्यापर्यंत पुरतात. एक राजापुढचं प्यादं आलं तर, दुसरी वजिरापुढचं आलं तर.

हा डाव स्वतः बघायचा असेल तर फोनवर सुलतान खान, कापाब्लांका आणि हेस्टिंग्ज एवढं टाइप केलं की सापडतो. पाचव्या, बाराव्या आणि बाविसाव्या चालीवर थांबा. आधी स्वतः चाल ठरवा, मग पुढचं बटण दाबा.